घरात प्रेत, टेबलावर चहा

एडिंबरामधल्या एका प्रशस्त फ्लॅटमध्ये तिघे जण राहतात. एक वार्ताहर, एक डॉक्टर, एक हिशेबनीस. चौथी खोली रिकामी आहे म्हणून ते भाडेकरूच्या शोधात आहेत आणि येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराची मुलाखत घेताना त्याची यथेच्छ टर उडवतात. शेवटी ह्यूगो नावाचा एक रुबाबदार माणूस त्यांना पसंत पडतो. तो राहायला येतो आणि लवकरच आपल्या पलंगावर मरून पडलेला सापडतो. पलंगाखाली नोटांनी गच्च भरलेली सुटकेस असते. आता पोलिसांना फोन करायचा की पैसे ठेवून घ्यायचे? पैसे ठेवायचे असतील तर प्रेताचे काय करायचे? तिघे यावर असे बोलतात की जणू या महिन्याचे विजेचे बिल कोणी भरायचे हे ठरते आहे.

हा 1994 चा ‘शॅलो ग्रेव्ह’. पुढे मुंबईत येऊन ‘स्लमडॉग मिलियनेअर’ करणाऱ्या डॅनी बॉइलचा हा पहिला चित्रपट. यानंतर जे घडते ते भीषण आहे, तरी त्यातला बराच वेळ आपण हसत असतो आणि हसता हसता खुर्चीची कड धरून बसलेले असतो. ब्रिटिश सिनेमात या जातीच्या चित्रपटांची जुनी परंपरा आहे. थोडा पैसा, एखादे घर, चारपाच माणसे, एखाददुसरा खून आणि वागण्याबोलण्यात कमालीची सभ्यता. प्रेक्षक त्यांच्यावर इतके जीव टाकून प्रेम का करतात, याचे माझे उत्तर असे आहे: त्यांतले हसू आणि त्यांतली भीती एकाच झऱ्यातून येतात. प्रसंग कितीही भयंकर असो, ही माणसे रोजच्या रीतीभाती सोडत नाहीत. त्या पाहून आपल्याला हसू येते आणि त्याच पाहून अंगावर काटाही येतो. रीतीभाती दाखवायला फार पैसा लागत नाही. उलट पैसा कमी असला की दिग्दर्शकाचे लक्ष त्यांच्यावरून हलत नाही. हे कसे घडते ते टप्प्याटप्प्याने पाहू.

आधी पैशाबद्दल. ‘शॅलो ग्रेव्ह’चा खर्च सुमारे दहा लाख पौंड होता. चित्रपटाच्या मानाने ही रक्कम अगदी थोडी. त्यातला मोठा वाटा चॅनल फोर या दूरचित्रवाहिनीचा आणि दीड लाख पौंड ग्लासगो फिल्म फंडाचे. ग्लासगोचा पैसा होता म्हणून गोष्ट एडिंबराची असूनही बहुतेक चित्रीकरण ग्लासगोत झाले. तिथल्या एका गोदामात तो फ्लॅट उभारला गेला आणि तीस दिवसांत काम आटोपले. दहा ठिकाणी फिरायला पैसे नव्हते, म्हणून जे होते ते त्या एका घरावर ओतले. केव्ह क्विन या कलादिग्दर्शिकेने लांबलचक दिवाणखाना, उंच दारे आणि प्रत्येक खोलीला वेगळा गडद रंग देऊन ते घर सजवले.

याचा परिणाम काय होतो पाहा. अर्ध्या तासात आपल्याला ते घर पाठ होते. कोणाची खोली कोणती, बोळ कुठे वळतो, माळ्याची झडप कुठे आहे, हे आपण कोणी न सांगता ओळखू लागतो. मग हिशेबनीस डेव्हिड पैशांची सुटकेस घेऊन माळ्यावर जाऊन बसतो, तिथेच राहू लागतो आणि खालच्या दोघांवर नजर ठेवण्यासाठी छताला भोके पाडतो. कोणते भोक कोणत्या खोलीवर आहे हे आपल्याला कोणी समजावून सांगावे लागत नाही. काळोख्या माळ्यावर त्या भोकांतून वर येणारे प्रकाशाचे सरळ झोत हे या चित्रपटातले सर्वांत लक्षात राहणारे चित्र आहे. लाकूड, अंधार आणि खालून सोडलेला उजेड, एवढ्या सामग्रीत छायालेखक ब्रायन तुफानोने ते उभे केले. शंभर मोटारी उडवल्या तरी एवढी भीती वाटणार नाही, कारण मोटार आपल्या ओळखीची नसते आणि हे घर एव्हाना आपले झालेले असते.

कमी पैशांत काम भागवण्याची ही सवय ब्रिटनमध्ये जुनी आहे. हॉलिवूडच्या लोंढ्यापुढे देशी चित्रपट टिकावा म्हणून 1927 साली तिथे कायदा झाला आणि वितरकांवर व चित्रपटगृहांवर ब्रिटिश चित्रपटांचा ठरावीक वाटा बंधनकारक झाला. अमेरिकन कंपन्यांनी तो वाटा भरण्यासाठी झटपट, स्वस्त चित्रपट करवून घ्यायला सुरुवात केली. फिल्मच्या फुटाला एक पौंड असा त्यांचा रुळलेला भाव होता. त्यांतले बरेचसे टाकाऊ निघाले, पण ती एक मोठी तालीमही ठरली. मायकेल पॉवेलसारख्या दिग्दर्शकाने 1930 च्या दशकात असे वीसहून अधिक चित्रपट केले आणि तो त्यांतच शिकला. पुढे एमरिक प्रेसबर्गर त्याचा जोडीदार झाला. त्याच प्रेसबर्गरचा नातू अँड्र्यू मॅकडोनाल्ड हा ‘शॅलो ग्रेव्ह’चा निर्माता. मला हा धागा फार आवडतो.

एकाच तिकिटात दोन चित्रपट दाखवण्याच्या काळात मुख्य चित्रपटाआधीचा छोटा चित्रपट बहुधा गुन्ह्याचाच असे. 1961 चा ‘कॅश ऑन डिमांड’ हा त्यांतला अस्सल हिरा. हॅमर या भयपटांसाठी प्रसिद्ध असलेल्या कंपनीचा हा चित्रपट, पण त्यात ना ड्रॅक्युला ना रक्त. एका छोट्या गावातली बँकेची शाखा, नाताळ तोंडावर आलेला. पीटर कुशिंग इथे शाखेचा व्यवस्थापक आहे: कोरडा, कडक, दौत-टाकाच्या जागेवरूनही हाताखालच्यांना धारेवर धरणारा. विमा कंपनीचा तपासनीस म्हणून एक हसतमुख कर्नल येतो आणि केबिनचे दार लागल्यावर शांतपणे सांगतो की तुमची बायको व मुलगा आमच्या ताब्यात आहेत, आता तिजोरी रिकामी करायला मला मदत करा. त्यापुढचा जवळजवळ सगळा चित्रपट त्या शाखेतच घडतो. बंदूक रोखून धरण्याची गरजच पडत नाही. कर्नल कारकुनांशी गोड बोलतो, चहा घेतो आणि अधूनमधून व्यवस्थापकाला हाताखालच्या माणसांशी कसे वागावे याचे धडे देतो. ते धडे बरोबर असतात, हीच खरी मजा. दरोडेखोर साहेबापेक्षा सज्जन वाटू लागतो आणि आपण गोंधळून जातो.

आता उत्कंठेबद्दल. हिचकॉक नेहमी एक उदाहरण देत असे. टेबलाखाली बॉम्ब आहे आणि तो अचानक फुटला, तर प्रेक्षक क्षणभर दचकतो. पण बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला आधी दाखवले आणि टेबलाभोवतीच्या माणसांना ते ठाऊक नसले, तर त्यांच्या साध्यासुध्या गप्पाही असह्य होतात. चित्रपट करणाऱ्याला कोणाला काय ठाऊक आहे एवढेच ठरवावे लागते, आणि त्याला पैसे पडत नाहीत. ब्रिटिश परंपरा यात आणखी एक पायरी चढली. इथे बॉम्ब ठाऊक नसलेल्यांच्या बरोबरीने बॉम्ब ठेवणारेही त्याच टेबलाशी बसलेले असतात, आणि यजमानीण बिस्किटे पुढे करत असल्यामुळे त्यांना उठता येत नाही.

‘द लेडीकिलर्स’ हा 1955 चा चित्रपट याचा परमोच्च नमुना. लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनजवळ, रेल्वेच्या बोगद्याच्या वर, एका गल्लीच्या टोकाला मिसेस विल्बरफोर्स नावाच्या वृद्ध विधवेचे घर आहे. युद्धातल्या बॉम्बफेकीने जमीन खचल्यामुळे घर कललेले आणि भिंतीवरच्या तसबिरी कधी सरळ राहत नाहीत. तिथे प्रोफेसर मार्कस वरची खोली भाड्याने घेतो. त्याच्याकडे चार मित्र येतात. आम्ही पाच जण मिळून वाद्यवृंदाचा सराव करतो, असे तो सांगतो. खरे तर ती दरोड्याची टोळी आहे. दार बंद करून ते ग्रामोफोनवर बोकेरिनीची रचना लावतात आणि आत बेत आखतात. तेवढ्यात दारावर टकटक: चहा घेणार का? ग्रामोफोन थांबवायचा, नकाशे लपवायचे, व्हायोलिन हनुवटीखाली धरायचे, दार उघडायचे, नम्रपणे नको म्हणायचे. थोड्या वेळाने पुन्हा टकटक.

हा प्रसंग मी पुष्कळदा पाहिला आहे आणि दर वेळी पोटात तसाच गोळा येतो. त्यात गंमत अशी की म्हातारीला काहीच कळत नसते, ती फक्त आपले कर्तव्य करत असते. पुढे सगळे उघडकीला येते तेव्हाही ती किंचाळत नाही. शाळकरी पोरांना झापावे तशी ती पाच दरोडेखोरांना झापते. नेमक्या त्याच वेळी तिच्या म्हाताऱ्या मैत्रिणी चहाला येऊन ठेपतात आणि टोळीला हातात कप धरून त्यांच्या गराड्यात उभे राहावे लागते. पाच धटिंगणांना एक नाजूक बाई जेरबंद करते ती केवळ शिष्टाचाराच्या बळावर. अॅलेक गिनेसने प्रोफेसर पुढे आलेल्या दातांनी आणि ओशाळ्या हास्याने रंगवला आहे, सोबत पीटर सेलर्स आणि हर्बर्ट लॉम आहेत, पण चित्रपट खाऊन टाकते ती सत्तरी ओलांडलेली केटी जॉन्सन. तिला या भूमिकेसाठी ब्रिटिश अभिनेत्रीचा बाफ्टा पुरस्कार मिळाला.

ही कथा विल्यम रोझ या अमेरिकन लेखकाला स्वप्नात सुचली. दिग्दर्शक अलेक्झांडर मॅकेंड्रिक अमेरिकेत जन्मून ग्लासगोत वाढलेला. इंग्रजी घरातल्या चहाच्या वेळेची दहशत या दोघांना इतकी स्वच्छ दिसली, त्यामागे त्यांचे थोडे बाहेरचे असणे होते असे मला वाटते.

म्हातारीला ठार करायचे ठरते तेव्हा ते कोणी करायचे हे टोळी काड्या ओढून ठरवते. चाळीस वर्षांनी ‘शॅलो ग्रेव्ह’मधले तिघेही, ह्यूगोच्या प्रेताचे तुकडे कोणी करायचे हे काड्या ओढूनच ठरवतात. ही नुसती नक्कल म्हणता येणार नाही. ही त्या विनोदाची गुरुकिल्ली आहे. खुनासाठीसुद्धा सर्वांना मान्य असा न्याय्य मार्ग हवा! कोणावर अन्याय होता कामा नये! माणसे पद्धत इतकी काटेकोर पाळतात की आपण काय करतो आहोत हे पाहायचे त्यांच्या ध्यानातच येत नाही. 1949 च्या ‘काइंड हार्ट्स अँड कॉरोनेट्स’मध्ये एका ड्यूकला फाशी द्यायची असते, तर आदल्या रात्री जल्लादाला काळजी एवढीच की ड्यूकला संबोधायचे कसे, योग्य मानाचा शब्द कोणता. त्या चित्रपटात गिनेस एकाच घराण्यातल्या आठ जणांच्या भूमिका करतो. त्यांतले सहा एका चौकटीत दिसावेत म्हणून छायालेखक डग्लस स्लोकोम्बने कॅमेरा जागचा हलू न देता तीच फिल्म पुन्हा पुन्हा उलट गुंडाळून त्यावर चित्रण केले. गोष्ट सांगणारा लुई मझिनी त्या घराण्यातल्या एकेकाला वाटेतून दूर करत जातो, पण त्याचा आवाज सुरुवातीपासून शेवटपर्यंत इस्त्री केल्यासारखा राहतो.

यातला अभिनयाचा नियम साधा आहे आणि फार कठीण आहे. आपण विनोदी चित्रपटात आहोत हे एकाही पात्राला ठाऊक असता कामा नये. नटाने प्रेक्षकाकडे पाहून डोळा मिचकावला की भीती मेली, आणि भीती मेली की हसूही मरते. ‘लेडीकिलर्स’ची 2004 ची अमेरिकन आवृत्ती याच जागी घसरली असे माझे मत आहे. कोएन बंधूंसारखे समर्थ दिग्दर्शक आणि टॉम हँक्ससारखा नट असूनही, मिसिसिपीत नेलेल्या त्या गोष्टीत प्रत्येक जण आपण किती गमतीदार आहोत हे दाखवण्याच्या मागे लागलेला दिसतो.

हसू कुठे थांबवायचे, हा या कलेतला सर्वांत नाजूक भाग. ‘शॅलो ग्रेव्ह’मध्ये तिघे करवत वगैरे हत्यारे विकत घ्यायला दुकानात जातात तोवर आपण हसतो. जंगलात काम सुरू होते तेव्हा कॅमेरा प्रेताकडे वळत नाही, पण करवतीचा आवाज ऐकू येतो आणि डेव्हिडचा चेहरा दिसतो. आपले हसू घशातच राहते. तिथून पुढे डेव्हिड पूर्वीचा राहत नाही, आणि आपणही राहत नाही, कारण थोड्याच वेळापूर्वी त्याला या कामाला लावणाऱ्यांच्या विनोदांवर आपण हसलेलो असतो. त्यानंतरही विनोद येतात. जंगलात प्रेते सापडल्याची बातमी लिहायला वर्तमानपत्र नेमके त्यांच्यातल्याच वार्ताहराला पाठवते! आता मात्र हसताना अपराधी वाटते.

हिचकॉकने हाच हिशेब ‘फ्रेन्झी’त मांडला. 1972 सालचा हा चित्रपट त्याने लंडनला परतून, कॉव्हेंट गार्डनच्या भाजीबाजारात केला. त्याचे वडील भाजीविक्रेते होते, त्यामुळे बाजाराची नस त्याला ठाऊक होती. पहिला खून तो सविस्तर दाखवतो आणि त्यात विनोदाचा लवलेशही ठेवत नाही. दुसऱ्या वेळी खुनी एका मुलीला घेऊन खोलीत जातो, दार लागते, आणि कॅमेरा जिन्यावरून मागे मागे सरकत नि:शब्दपणे खाली येतो, रस्त्यावर बाहेर पडतो आणि बाजाराचा नेहमीचा गलबला कानावर येतो. आत काय चालले आहे ते आपल्याला माहीत आहे, रस्त्यावरच्या कोणालाच माहीत नाही. पुढे खुन्याची टायपिन प्रेताच्या मुठीत राहिल्याचे त्याच्या ध्यानात येते. बटाट्याच्या पोत्यांनी भरलेल्या धावत्या ट्रकमध्ये तो ती आखडलेली बोटे उघडण्यासाठी धडपडतो आणि त्याला टायपिन मिळावी असे आपल्याला वाटू लागते. इकडे तपास करणाऱ्या इन्स्पेक्टरची बायको नवी पाककला शिकते आहे. तो जेवणाच्या टेबलावर त्या मोडलेल्या बोटांचे वर्णन करतो आणि ती कडकन ब्रेडस्टिक मोडते. बिचारा नवरा ताटातले जेवण संपवायचे कसे या विवंचनेत. ‘फ्रेन्झी’ काही पै-पैशाचा चित्रपट नव्हता, पण त्यातले उत्तम विनोद त्या दोघांच्या जेवणाच्या टेबलावरच घडतात.

या शतकात ही परंपरा बेन व्हीटली, अॅलिस लो यांच्या हाती आली. व्हीटलीचा पहिला चित्रपट ‘डाउन टेरेस’ आठ दिवसांत चित्रित झाला. गुन्हेगारी कुटुंबातल्या बाप-लेकाच्या भूमिका खऱ्या बाप-लेकांनीच केल्या. त्याच्या 2012 च्या ‘साइटसीअर्स’मध्ये क्रिस आणि टीना हे नव्याने प्रेमात पडलेले जोडपे कॅरव्हॅन घेऊन उत्तर इंग्लंडच्या सहलीला निघते. क्रिच गावचे ट्रामचे संग्रहालय, केझिकचे पेन्सिलींचे संग्रहालय, रिबलहेडचा रेल्वेपूल, असे सगळे साधे, घरगुती मुक्काम. ट्राममध्ये एक माणूस आइस्क्रीमचा कागद खाली टाकतो आणि सांगूनही उचलत नाही. थोड्या वेळाने क्रिसची कॅरव्हॅन मागे येते आणि तो माणूस चाकाखाली सापडतो. क्रिसला वाटते की आपण नीटनेटक्या जगाची बाजू घेतो आहोत. ‘लेडीकिलर्स’मध्ये शिष्टाचार खुन्यांना रोखून धरतो, इथे शिष्टाचारच खुनाचे कारण होतो. साठ वर्षांत देश किती कडवट झाला ते या एका उलटापालटीत कळते. अॅलिस लो आणि स्टीव्ह ओरम यांनी ही पात्रे स्वतः लिहिली व स्वतः केली, त्यामुळे त्यांच्या मूर्खपणातही माया आहे. टीना प्रेमासाठी किती आसुसली आहे हे समजल्यावर तिचा राग येत नाही, तिची धास्ती वाटते.

पुढे 2016 मध्ये ‘प्रिव्हेंज’ लिहिताना, दिग्दर्शित करताना आणि त्यात मुख्य भूमिका करताना अॅलिस लो खरोखरच गरोदर होती. चित्रीकरण अकरा दिवसांचे. पोटातले बाळ आईला खून करायला सांगते, अशी कल्पना. ऐकताना ती आचरट वाटते, पडद्यावर ती नवरा गमावलेल्या बाईच्या दुःखाची गोष्ट होते. पोटाला बांधायची उशी लागली नाही, एवढाच खर्च वाचला असे कोणी म्हणेल, पण त्या जड चालीतला खरेपणा कोणत्याही बजेटमध्ये विकत मिळत नाही.

ज्यांना हे पाहायचे आहे त्यांच्यासाठी क्रम असा सुचवतो. आधी ‘लेडीकिलर्स’, तो घरातल्या सगळ्यांसोबत पाहता येतो. मग ‘कॅश ऑन डिमांड’, त्यानंतर ‘काइंड हार्ट्स’. ‘शॅलो ग्रेव्ह’, ‘फ्रेन्झी’ आणि ‘साइटसीअर्स’ फक्त मोठ्यांनी पाहावेत, त्यांत हिंसा खरोखर बोचणारी आहे. ‘फ्रेन्झी’तला पहिला खून सर्वांनाच सोसेल असे नाही. सबटायटल जरूर लावा, कारण स्कॉटिश आणि उत्तर इंग्लंडचे उच्चार सुरुवातीला पटकन कळत नाहीत आणि निम्मी मजा हळू आवाजात पुटपुटलेल्या वाक्यांत आहे. शेवट मी मुद्दाम सांगितलेले नाहीत. तुम्हीही ते आधी शोधून वाचू नका, आणि पाहून झाल्यावर दुसऱ्यांना सांगू नका.